गायमान: चुबुतच्या खोऱ्यात पाटाच्या पाण्यावर वसलेलं गाव

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: अर्जेंटिनाच्या पातागोनियात वर्षाला जेमतेम 200 मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे 1865 साली वेल्समधून आलेल्या लोकांनी गहू कसा पिकवला, आणि गायमान ही नगरपालिका नेमकी त्याच जागी का उभी राहिली? जोडीला एक उपप्रश्न आहे: नदीवर मोठं धरण होऊनही तिथल्या जमिनी खारवट का होतात?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं, पाटात. चॅपल (वेल्श लोकांची साधी प्रार्थनाघरं), चहाघरं, वेल्श पाट्या, गाण्यांच्या स्पर्धा हे सगळं पाणी फिरल्यानंतर आलं. म्हणून आधी जमिनीचा उतार समजून घ्या, मग माणसं.

चुबुत नदी अँडीजच्या पायथ्याच्या डोंगरांत, बारिलोचेच्या दक्षिणेला उगम पावते आणि आठशेहून जास्त किलोमीटर वाहून रॉसन गावाजवळ अटलांटिकला मिळते. अर्ध्याहून अधिक वाट ती अशा पठारावरून काढते जिथे तिला भर घालणारी उपनदी जवळजवळ नाहीच. म्हणजे पाणी पश्चिमेकडच्या डोंगरातलं आणि तहान पूर्वेकडच्या सपाटीची. हिवाळ्यातला पाऊस आणि वसंतात वितळणारं बर्फ यांमुळे जूनपासून नोव्हेंबरपर्यंत नदी भरलेली असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती खंगते. दक्षिण गोलार्ध असल्यामुळे जुलै तिथे ऐन थंडीचा आणि जानेवारी ऐन उन्हाळ्याचा, हे सतत ध्यानात ठेवावं लागतं. मराठी वाचकाचा पहिला गोंधळ इथेच होतो.

समुद्राकडच्या शेवटच्या ऐंशी-शंभर किलोमीटरमध्ये खोरं रुंद होतं. दोन्ही बाजूंना पठाराचे तुटलेले, पिवळट-करडे कडे. त्यांना स्थानिक स्पॅनिशमध्ये 'बार्दा' म्हणतात. मधे पाच ते दहा किलोमीटर रुंदीची गाळाची पट्टी, आणि तीत नागमोडी नदी. वेल्श लोकांनी नदीला 'काम्वी' म्हटलं, वाकडीतिकडी वाहणारी. पश्चिमेकडून उतरत आलात तर गावं या क्रमाने लागतात: वेइन्तिओचो दे हुलिओ (म्हणजे '28 जुलै', वसाहतवाले उतरले ती तारीख), डोलावोन, गायमान, त्रेलेउ आणि मुखाशी रॉसन. गायमान त्रेलेउच्या पश्चिमेला 17 किलोमीटरवर आहे. इथे पठाराची एक सोंड पुढे येऊन खोरं आवळते. तिच्या वरचं ते वरचं खोरं, खालचं ते खालचं खोरं, अशी वेल्श वसाहतवाल्यांची विभागणी होती. ही आवळलेली जागा म्हणजे गायमान. तिथल्या मूळ रहिवाशांच्या तेहुएल्चे भाषेतल्या या नावाचा अर्थ कुणी 'सहाणेचा दगड' सांगतात, कुणी 'दगडी टोक'. गावाच्या पाठीशी आलेला खडक बघितला की दोन्ही पटतात.

आता शेतीकडे. गव्हाला हंगामात ढोबळमानाने 400 ते 500 मिलिमीटर पाणी लागतं. आकाशातून पडतं वर्षभरात 200, आणि त्यातलंही बरंचसं हिवाळ्यात. शिवाय पश्चिमेचा वारा असा की ओल टिकत नाही. कोरडवाहू शेती इथे तोट्याची म्हणण्यापेक्षा अशक्य म्हणणंच बरोबर. 'मिमोसा' जहाजातून 28 जुलै 1865 ला सुमारे दीडशे माणसं आजच्या पुएर्तो मादरिनच्या किनाऱ्यावर उतरली, तेव्हा त्यांना हे ठाऊक नव्हतं. वेल्स हा बारमाही पावसाचा देश. त्यांच्यात खाणकामगार होते, कारागीर होते. मुरलेले शेतकरी थोडे, आणि पाटपाण्याची सवय कुणालाच नाही. बंदर निवडलं ते गोड्या पाण्याविना, नदी तिथून साठेक किलोमीटर दूर. वेल्समधल्या बाला गावचे धर्मोपदेशक मायकल डी. जोन्स यांची कल्पना अशी होती की वेल्श भाषा आणि चॅपलचा धर्म जिथे इंग्रजीच्या दाबाखाली येणार नाही, इतक्या आडजागी वसाहत करावी. जागा आडबाजूची हवी होती, तशी ती मिळाली.

पहिली दोन वर्षं सरकारी मदतीवर आणि तेहुएल्चे लोकांच्या जिवावर निघाली. याला औदार्याची गोड गोष्ट करून सांगण्यात अर्थ नाही. तो रोखठोक व्यवहार होता. तेहुएल्चे ग्वानाको या उंटाच्या कुळातल्या प्राण्याचं मांस, कातडी आणि शहामृगासारख्या ऱ्हेआ पक्ष्याची पिसं आणत. वेल्श पाव, लोणी आणि कापड देत. शिकार कशी करायची, घोडा कसा वळवायचा हेही याच शेजाऱ्यांनी शिकवलं. पिसं आणि कातडी पुढे जहाजाने विकली जात, म्हणून गहू येईपर्यंत वसाहतीच्या हाती रोकड आली ती याच व्यापारातून. 'रिकाम्या वाळवंटात पहिले आलेले' अशी वाक्यं माहितीपत्रकांत दिसतात, ती सोडून द्या. 1880 च्या दशकात अर्जेंटिनाच्या सैन्याने पातागोनियातल्या आदिवासींना हटवलं, तेव्हा या शेजाऱ्यांचीही वाताहत झाली.

पाणी सापडलं ते नोव्हेंबर 1867 मध्ये. कथा सर्वांना माहीत आहे: एरन जेंकिन्स यांच्या शेतात गहू उगवून सुकत चालला होता, नदी तुडुंब होती, आणि त्यांच्या पत्नी रेचल यांनी सुचवलं की काठ फोडून पाणी शेतात घेऊन पाहावं. कथा खरी आहे. पण ती 'अचानक सुचलेली युक्ती' म्हणून सांगितली की तिचं मर्म निसटतं. हे का जमलं? दोन कारणं. एक, गाळ वाहणारी नदी पुराच्या वेळी आपल्या काठाशीच जाड गाळ टाकते, त्यामुळे काठ उंच होतो आणि मागची जमीन काठापेक्षा सखल राहते. काठाला चर मारला की पाणी उपसावं लागत नाही, आपोआप मागे उतरतं. दोन, नोव्हेंबर हा बर्फ वितळण्याचा काळ; नदीची पातळी काठाला टेकलेली असते. हाच चर फेब्रुवारीत मारला असता तर कोरडा राहिला असता.

पहिल्या पद्धतीची मर्यादाही यातच आहे. ज्या वर्षी बर्फ कमी, त्या वर्षी नदी चराच्या तोंडापर्यंत चढतच नाही. आणि ज्या वर्षी जास्त, त्या वर्षी तोच सखलपणा उलटतो: काठ ओलांडून आलेलं पाणी मागे साचतं आणि परत नदीत जायला वाट नसते. 1868 मध्ये ओलिताचं पीक हाती आलं, आणि 1869 च्या सुरुवातीला पुराने कापून ठेवलेला गहू वाहून नेला. पुढची दहा-पंधरा वर्षं हीच ओढाताण चालली. नदीवर आडवे बांध घालून पातळी चढवायचे प्रयत्न झाले. विलोच्या फांद्या, दगड, माती यांचे ते बांध पुरात वाहून जात. मऊ गाळाच्या तळावर असा बांध टिकत नाही: पाणी बांधाच्या बुडाखालून वाट काढतं किंवा बाजूने काठ खातं.

उत्तर निघालं ते वर सरकण्यात. कालव्याचं तोंड शेताजवळ न ठेवता खोऱ्याच्या वरच्या टोकाला न्यायचं आणि कालव्याला नदीपेक्षा कमी उतार द्यायचा. आकडा केवळ समजण्यासाठी घेऊ: नदी किलोमीटरला 50 सेंटिमीटर उतरत असेल आणि कालवा 20 सेंटिमीटर, तर दहा किलोमीटर पुढे कालव्याचं पाणी नदीपेक्षा 3 मीटर उंचावर असेल. मग मधली सगळी जमीन त्याच्या हुकुमाखाली येते, म्हणजे तिला पाणी आपोआप उतरतं, आणि नदी खंगली तरी तोंडाशी पाणी मिळत राहतं. उतार फार कमी ठेवला तर पाणी रेंगाळून गाळ बसतो, फार जास्त ठेवला तर तळ खरवडतो. कुदळ-फावडं आणि घोड्यांनी ओढायच्या खोरणीने माणसांनी हे लांब कालवे मुख्यत्वे 1880 च्या दशकात खणले. आज उपग्रहाच्या चित्रात ते स्पष्ट दिसतात: एक उत्तरेच्या बार्दाच्या पायथ्याने, एक दक्षिणेच्या, आणि मधे हिरवी पट्टी. 43 अंश 17 मिनिटं दक्षिण, 65 अंश 29 मिनिटं पश्चिम हे गायमान. हिरवळ जिथे एकदम संपते ती रेषा म्हणजे कालव्याची रेषा. तिच्या पलीकडे एक झाडही नाही.

गायमान इथेच का, याचं उत्तर आता मिळतं. 1874 नंतर नवीन माणसं यायला लागली. खालचं खोरं भरत आलं होतं, वरचं मोकळं होतं. वरच्या आणि खालच्या खोऱ्याच्या गळ्याशी डेव्हिड डी. रॉबर्ट्स यांनी 1874 मध्ये दगडी घर बांधलं. ते आजही उभं आहे. इथे खडक हाताशी होता, पुरापासून वर चढायला टेकाड होतं आणि दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना मध्यावर पडत होतं. रॉसन मुखाशी होतं, पण वरच्या खोऱ्यातून बैलगाडीने तिथवर जाणं म्हणजे मोठा प्रवास. कालवा जसजसा वर सरकला तसतसा लोकवस्तीचा तोलही वर सरकला.

नगरपालिकेचा जन्म 1885 चा. वसाहतवाल्यांची स्वतःची राज्यव्यवस्था त्याआधीपासून होती: लेखी नियम, गुप्त मतदान, आणि 18 वर्षांवरच्या स्त्री-पुरुष दोघांना मत. मात्र बुएनोस आयर्सच्या सरकारने हे कधी मान्य केलं नाही. 1884 च्या राष्ट्रीय प्रदेशांच्या कायद्याने (क्रमांक 1532) चुबुत हा केंद्राच्या अखत्यारीतला प्रदेश झाला, वर नेमलेला गव्हर्नर आला, आणि त्याच कायद्यात हजारावर वस्ती असलेल्या ठिकाणी नगरपरिषद आणि न्यायपंच निवडण्याची मुभा होती. वसाहतवाल्यांनी ती ताबडतोब वापरली. चुबुतमधली पहिली नगरपालिका गायमानची आहे. राजधानी रॉसनची नव्हे. तिचं कामकाज वेल्शमधून चाले. स्वायत्त वसाहतीचं स्वप्न मावळल्यावर उरलेला अधिकार नगरपालिकेच्या चौकटीत बसवला, असं माझं वाचन आहे. त्याच वर्षी 'कोम्पान्यिआ मेर्कान्तिल देल चुबुत' ही सहकारी व्यापारी संस्था निघाली. शेतकऱ्यांचा गहू एकत्र विकणं आणि अवजारं, कापड, किराणा एकत्र आणणं हे तिचं काम. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला ती बुडेपर्यंत खोऱ्याचा बाजार तिच्याच हातात होता.

पाण्याचा कारभार वेगळा आणि माझ्या मते नगरपालिकेहून महत्त्वाचा. कालव्यांच्या कंपन्या शेतकऱ्यांच्याच होत्या. जो खणायला येईल त्याला हिस्सा, हिश्शाप्रमाणे पाळी, आणि वर्षातून एकदा आपल्या वाट्याच्या लांबीचा गाळ काढण्याची सक्ती. पुढे या कंपन्या एकत्र होऊन एकच सिंचन कंपनी झाली, आणि नंतर कारभार सरकारकडे गेला. पाण्याच्या भांडणात काय बिघडतं हे जगभर सारखंच आहे: शेपटाकडच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी उशिरा आणि कमी मिळतं, म्हणून मिळेल तेव्हा तो गरजेपेक्षा जास्त घेतो.

पूर मात्र कालव्यांनी थांबला नाही. जुलै 1899 मध्ये नदीने जवळजवळ सगळं खालचं खोरं बुडवलं. रॉसन उद्ध्वस्त झालं, गायमानची बहुतेक घरं पडली. मातीच्या कच्च्या विटांची भिंत दोन दिवस पाण्यात उभी राहिली की बुडातून विरघळते, छप्पर मग आपसूक खाली येतं. माणसं बार्दावर चढून कडाक्याच्या थंडीत तंबूंत राहिली. त्रेलेउ वाचलं, कारण ते 1886 मध्ये रेल्वेसाठी थोड्या उंच जागी वसवलेलं गाव होतं. 1901 आणि 1902 मध्ये पुन्हा पूर आले. 1902 मध्ये दोनशेवर माणसं कंटाळून कॅनडाच्या सॅस्कॅचेवानकडे निघून गेली. राहिले त्यांनी पुन्हा बांधलं, या खेपेला भाजक्या विटांत आणि दगडात. म्हणूनच आज गायमानमध्ये दिसणाऱ्या जुन्या इमारती बहुतांश पुरानंतरच्या आहेत. नदीपलीकडे बेथेलची दोन चॅपलं शेजारी-शेजारी आहेत, एक 1880 चं छोटं आणि एक 1914 च्या सुमाराचं मोठं.

रेल्वे गायमानला 1909 मध्ये पोचली. पुढे डोलावोनकडे जाताना ती मघाची सोंड आडवी आली, म्हणून 1914 मध्ये सुमारे 280 मीटरचा वळणदार बोगदा काढला. 1961 मध्ये रेल्वे बंद झाली. स्टेशनात आता संग्रहालय आहे आणि बोगद्यातून पायी जाता येतं. शिक्षणाचं एक नोंदवायला हवं: 1906 मध्ये गायमानला माध्यमिक शाळा निघाली, पुढे 'कोलेग काम्वी' नावाने ओळखली गेली. त्या काळी पातागोनियात माध्यमिक शाळा ही दुर्मीळ गोष्ट होती.

आता उपप्रश्न. फ्लोरेन्तिनो आमेगिनो हे धरण 1963 मध्ये सुरू झालं, त्रेलेउच्या पश्चिमेला सुमारे 120 किलोमीटरवर. मोठे पूर थांबले, उन्हाळ्यात पाणी मिळू लागलं, वीजही आली. मग जमिनी का बिघडल्या?

पहिलं कारण साधं हिशोबाचं. नदीच्या गोड पाण्यातही क्षार असतात. समजा लिटरला 0.3 ग्रॅम आहेत आणि हेक्टरी हंगामाला 8,000 घनमीटर पाणी दिलं, तर त्या हेक्टरात वर्षाला 2,400 किलो क्षार येऊन पडतात. पीक पाणी पिऊन टाकतं, क्षार मागे ठेवतं. पाऊस 200 मिलिमीटर, म्हणजे धुऊन न्यायला वरून काही येत नाही.

दुसरं कारण भूजल. पूर्वी पाणी तुटपुंजं होतं, म्हणून जपून दिलं जाई. हमखास पाणी आल्यावर जादा पाणी दिलं गेलं. कच्च्या कालव्यांतून पाझर चालूच होता. भूजल वर आलं. ते जमिनीच्या पृष्ठापासून दीड मीटरच्या आत आलं की केशाकर्षणाने वर चढतं, वाऱ्याने सुकतं आणि मीठ वर फुटतं. सगळ्यात आधी बिघडतात त्या नदीकाठापासून लांबच्या सखल जमिनी, ज्या एकेकाळी पाणी सहज घेता येतं म्हणून सर्वांत चांगल्या मानल्या जात. सांगली-शिरोळकडच्या ऊसवाल्यांना हे चित्र परकं वाटणार नाही.

तिसऱ्या कारणाकडे सहसा लक्ष जात नाही. धरणात गाळ बसतो आणि खाली नितळ पाणी येतं. नितळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं, आणि कालव्यांत पाणवनस्पती माजतात. वेग मंदावतो, पातळी चढते, पाझर वाढतो, शेपटाला पाणी पोचत नाही. गढूळ पाण्याच्या काळात कालवा गाळाने भरायचा, आता शेवाळाने आणि पाणगवताने भरतो. सफाई चुकत नाही.

उपाय सर्वांना ठाऊक असतात, क्रम चुकतो. आधी निचरा: भूजल दीड ते दोन मीटर खाली राहील इतके खोल चर आणि त्यांना नदीपर्यंत सलग वाट. मग धुणं: जितक्या खोलीची माती धुवायची साधारण तितक्याच उंचीचं पाणी त्यातून खाली गेलं की सुमारे 80 टक्के क्षार निघतात. मातीची विद्युतवाहकता (क्षार मोजायचं माप) 4 डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर असेल तर ती खारवट. पण मातीच्या कणांना चिकटलेल्या आयनांत सोडियमचा वाटा 15 टक्क्यांवर गेला असेल तर ती चोपण, आणि तिथे नुसतं धुऊन भागत नाही. आधी जिप्सम टाकून सोडियम हटवावा लागतो, नाहीतर माती थिजते आणि पाणी खाली जायचंच थांबतं. निचऱ्याआधी धुतलं तर भूजल आणखी वर येतं आणि पुढच्या उन्हाळ्यात मीठ दुप्पट फुटतं. ही चूक जगात सगळीकडे होते.

पिकांचा क्रमही याच रेषेत वाचता येतो. आधी गहू, चुबुतच्या गव्हाने पॅरिस आणि शिकागोच्या प्रदर्शनांत पदकं मिळवली. पाम्पा या अर्जेंटिनाच्या विस्तीर्ण मैदानातल्या कोरडवाहू गव्हापुढे तो किमतीत टिकला नाही, म्हणून विसाव्या शतकात अल्फाल्फा म्हणजे लसूणघास आला, चाऱ्यासाठी आणि विशेषतः बियाण्यासाठी. लसूणघासाची मुळं खोल जातात आणि क्षार तो बऱ्यापैकी सोसतो, म्हणून तो इथे रुजला. आज भाजीपाला आणि चेरी आहेत. गायमानच्या आसपासचा भाजीपाला मोठ्या प्रमाणात बोलिव्हियातून आलेली कुटुंबं पिकवतात. 'वेल्श गाव' एवढंच लेबल लावणाऱ्यांना हे दिसत नाही, कारण ते चहाघरापर्यंत जाऊन परततात.

चहाघरांबद्दल थोडक्यात: ती विसाव्या शतकाच्या मध्यापासूनची आहेत. प्रिन्सेस डायना नोव्हेंबर 1995 मध्ये गायमानला चहाला आल्या, त्यानंतर पर्यटन वाढलं. सुक्यामेव्याचा काळा वेल्श केक इथलाच; त्या रूपात तो वेल्समध्ये मिळत नाही.

धरण सगळं सांभाळतं, हा समज 2017 च्या एप्रिलमध्ये उघडा पडला. धरणाच्या खाली, मधल्या कोरड्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला. एरवी कोरड्या असणाऱ्या ओहोळांनी चिखल नदीत आणला, आणि त्रेलेउ, रॉसन, पुएर्तो मादरिनच्या जलशुद्धीकरण केंद्रांना इतकं गढूळ पाणी घेणं शक्य होईना. तिन्ही शहरं याच नदीवर पितात, पुएर्तो मादरिनला तर जलवाहिनीने पाणी नेलेलं आहे. काही दिवस नळ बंद राहिले. धरणाचा बांध त्याच्या वरच्या पाण्याला अडवतो. त्याच्या खाली जे पडतं त्याला अडवायला काही नाही.

प्रत्यक्ष जाऊन पाटपाणी बघायचं असेल तर तारीख जपून ठरवा. 28 जुलैला वसाहतदिनाचा चहा मिळेल, पण कालवे कोरडे असतील. सफाई आणि डागडुजीसाठी हिवाळ्यात पाणी बंद ठेवतात आणि साधारण सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत सोडतात. नोव्हेंबरमध्ये गेलात तर डोलावोनला पाण्याच्या रेट्याने फिरणारी लाकडी रहाटं चालू दिसतील, आणि तिथून गायमानकडे येताना रस्त्याच्या एका बाजूला भरलेला कालवा आणि दुसऱ्या बाजूला पांढरं मीठ फुटलेलं पडीक शेत एकाच नजरेत येतं.